शाळेतली तारीख

पत्र येऊन पडलं तेव्हा देविका वडिलांचा पासपोर्ट हातात घेऊन जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसली होती. दारातली पितळी झडप उघडली, खट्‌कन मिटली, आणि पायपुसण्यावर तीन लिफाफे पडले. दोन जाहिरातींचे. तिसरा पांढरा, खिडकीचा, आणि त्या खिडकीत श्रीनिवास बोकील हे नाव, खाली घराचा पत्ता, कँटन, कार्डिफ. गेल्या नऊ दिवसांत या नावाची पत्रं आली नव्हती असं नाही. बँकेचं आलं होतं, लायब्ररीचं आलं होतं. ती तिने न फोडता खणात ठेवून दिली होती. हेच का फोडलं ते तिला सांगता आलं नसतं. आत एका बाजूला वेल्श, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. बाबा नेहमी वेल्श बाजू आधी वाचायचे, मोठ्याने, मिरजेच्या उच्चारात, आणि जिथे दोन एल शेजारी दिसतील तिथे ठणठणीत ळ म्हणायचे. लँडाफचं ळँडाफ. "इंग्रजांना ळ येत नाही देवू, आपल्याला येतो आणि यांना येतो. म्हणून तर मी इथे टिकलो." तो आवाज ळ नव्हे, जीभ दातांमागे टेकवून बाजूने वारा सोडायचा असतो, हे ती शाळेत शिकून आली तेव्हा तिने त्यांना ऐटीत सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "असेल बुवा. पण मी ळ म्हणतो आणि बसवाला मला तिथेच उतरवतो."

तिने इंग्रजी बाजू वाचली. पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगवटा आला आहे का, हे पाहण्याची तपासणी. पासष्ट वर्षांच्या पुरुषांसाठी. मोफत. साधारण दहा मिनिटं लागतात, दुखत नाही, सैल कपडे घालून यावं. तीन जुलै, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. जमणार नसेल तर खालच्या नंबरवर कळवावं. पत्रावर तारीख सहा जूनची होती. बाबा सात जूनला गेले होते, तीच रक्तवाहिनी फुटून.

"कुणाचं गं?" आईने वरून विचारलं.

"काही नाही. जाहिराती."

तिने पत्राची घडी घातली आणि पासपोर्टात ठेवली, आणि ठेवताना तिचं लक्ष पासपोर्टावरच्या तारखेकडे गेलं, जी तिला पाठ होती. एक जून एकोणीसशे साठ. म्हणजे गेले तेव्हा पासष्ट वर्षं सहा दिवस. पत्र वेळेवर निघालं होतं. कुठे काही चुकलं नव्हतं. पासपोर्टाची तारीख आणि पत्राची तारीख एकमेकींना बरोबर जुळत होत्या, आणि त्या दोन्हींच्या मधे बाबा कुठेच नव्हते, कारण बाबांचा जन्म एक जूनचा नव्हता आणि साठ सालचाही नव्हता.

ही गोष्ट घरात गुपित म्हणून कधी नव्हतीच, गंमत म्हणून होती. बाबांना दोन वाढदिवस. एक माघातल्या पौर्णिमेला, त्या दिवशी आई शेवयांची खीर करायची; दुसरा एक जूनला, तो सरकारी. सरकारी वाढदिवसाला बाबा सुपरमार्केटमधून लेमन केक आणायचे आणि स्वतःच कापायचे, कारण सरकार काही कापायला येणार नाही. सहाव्या वर्षी त्यांना टायफॉइड झाला, नंतर आणखी काय काय झालं, आणि शाळेत घालायला आठवं वर्ष उजाडलं. नाव घालायला अण्णा, म्हणजे देविकाचे आजोबा, स्वतः गेले होते. ते मिरजेच्या नगरपालिकेत हेडक्लार्क. मास्तरांनी वय विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "सहा पूर्ण लिहा. आजारपणात गेलेली दोन वर्षं मोजायची कशाला? पुढे नोकरीला लागला की रिटायर व्हायला दोन वर्षं उशीर होईल, पोराचं भलंच आहे." मास्तरांनी मान डोलावली. वर्गातल्या निम्म्या मुलांचा जन्म त्यांनी असाच एक जूनला घातला होता. आठ वर्षांच्या मुलाच्या निवृत्तीची काळजी करणारा तो माणूस देविकाने फक्त फोटोत पाहिला होता, काळी टोपी, मिटलेले ओठ. ज्या नोकरीसाठी त्याने दोन वर्षं राखून ठेवली, ती नोकरी बाबांनी चार वर्षांत सोडली आणि ते वेल्सला आले. तारीख तेवढी त्यांच्याबरोबर आली.

रजिस्ट्रारची अपॉइंटमेंट अडीचची होती. मृत्यूची नोंद करायची होती, ती झाल्याशिवाय पुढचं काही हलणार नव्हतं. आई राखाडी कार्डिगनची बटणं लावत खाली आली. सगळी लावून झाल्यावर वरचं एक बटण उरलं, म्हणून तिने सगळी काढली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. देविका मदतीला उठली नाही. हे नऊ दिवस सुप्रभा, म्हणजे तिची आई, रडत नव्हती, फक्त छोट्या छोट्या गोष्टी दोनदा करत होती.

"पासपोर्ट घेतलास?"

"घेतला."

"त्यात आहे तीच सांग हं तारीख. माघ-बिघ काढू नकोस तिथे. उगाच घोळ नको."

देविकाने दार ओढून घेतलं, ते लागलंय का म्हणून पुन्हा ढकलून पाहिलं. घोळ हा शब्द आईचा नव्हता. तो देविकाचाच होता, आईने तो तिच्याकडून उचलला होता.

बसमध्ये ऊन येत होतं. कार्डिफचं जूनमधलं ऊन, दुकानांच्या काचांवरून घरंगळत येणारं, ज्याला बाबा 'पाहुणं ऊन' म्हणायचे. आई खिडकीशी बसली, देविका तिच्या शेजारी, मांडीवर बॅग, बॅगेत पासपोर्ट, पासपोर्टात पत्र. युनिव्हर्सिटीत तिचं काम असं की परदेशातून येणाऱ्या मुलांचे कागद तिच्या टेबलावरून जात. पासपोर्ट, मार्कशीट, जन्मदाखला. नाव एका अक्षराने वेगळं, तारीख एका आकड्याने वेगळी, की फाइल थांबली. पंधरा वर्षं ती हेच पाहत आली होती, आणि एक जूनला जन्मलेली मुलं आली की तिला आत कुठेतरी हसू यायचं, जणू ही सगळी आपल्याच घरची. पण हसू येऊनही ती मुलांना निक्षून सांगायची: जी तारीख एकदा दिलीत तीच सगळीकडे द्या. खरी कुठली ते मला सांगू नका. तिच्या आवाजात असं काही होतं की मुलं घाबरून मान हलवायची.

बाबाही तसेच मान हलवून बसले होते. दोन वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका रविवारी. ती जेवायला आली होती. मटार सोलायचे होते, बाबा सोलत होते आणि मधेच एखादा दाणा तोंडात टाकत होते. न्यूपोर्टचे मिलिंदकाका, बाबांचे जुने मित्र, त्याच आठवड्यात ही तपासणी करून आले होते. त्यांच्या पोटातली नस चार सेंटिमीटर निघाली होती. घाबरण्यासारखं नाही, दरवर्षी बघू, असं त्यांना सांगितलं होतं. "मिल्या म्हणतो, मला चार सेंटिमीटरचा वारस झालाय," बाबा हसत म्हणाले. मग थोडा वेळ नुसता शेंगा फुटल्याचा आवाज. मग ते म्हणाले, "मिल्या आणि मी एका वयाचे. देवू, सांगून टाकू का त्यांना माझं खरं वय?"

ती लॅपटॉपवर काहीतरी बघत होती. काय ते आता कितीही आठवलं तरी आठवत नव्हतं, आणि हे आठवत नाही याची तिला फार भीती वाटायची. मान वर न करता ती म्हणाली होती, "बाबा, उगाच घोळ करून ठेवू नका. पासपोर्ट, सिटिझनशिप, पेन्शन, सगळीकडे एक जून आहे. एका ठिकाणी वेगळं सांगितलंत की सगळं उकरून काढतील. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. पत्र आपोआप येईल."

"आपोआप?"

"आपोआप. इथे सगळं आपोआप येतं."

"ठीक. मग अण्णांचा मान राखू," असं म्हणून त्यांनी सालपटं गोळा केली. ते कुठल्याही यंत्राचं मॅन्युअलही असंच वाचायचे आणि मग अगदी तसंच करायचे. मॅन्युअल चुकीचं असेल अशी शंका त्यांना कधी यायची नाही. त्यांनी विचारलं होतं वयाबद्दल. तिने उत्तर दिलं वयाबद्दल. पोटाबद्दल त्या टेबलावर कुणी बोललंच नाही.

आणि यंत्रं तर त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि त्यातली कितीतरी वर्षं अल्ट्रासाउंडच्या मशीनवर. ती नऊ वर्षांची असताना शाळेला सुट्टी आणि आईला ताप, म्हणून ते तिला बरोबर घेऊन गेले होते. खोलीला रबराचा आणि चहाचा वास होता. त्यांनी तिच्या मनगटावर गार जेल लावलं, वर मशीनला वायरने जोडलेलं ते पांढरं बोंड टेकवलं, आणि पडद्यावर करड्या धुक्यात एक काळं भोक दिसलं, उघडझाप करणारं. "ही तुझी नस. बघ कशी बोलते." तिने हात ओढून घेतला होता. आपल्या आत कुणी न विचारता काम करतंय हे तिला आवडलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या मनगटावर धरलं, मग गळ्यावर, आणि तोंडाने तबल्याचे बोल म्हणत तिला हसवलं. दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन ते आधी असं स्वतःच्या मनगटावर लावून बघायचे. मनगट, गळा. तिथून एक वीत खाली कधी गेले नाहीत. कशाला जातील? त्या सगळ्या वर्षांत त्यांना काही होतच नव्हतं.

शेवटचे दोन दिवस पाठ दुखत होती. बागेतली खताची पोती उचलली म्हणून, असं ते म्हणाले. आईने बाम चोळला. देविकाने फोनवर सांगितलं, सर्जरीला, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, फोन करा, तर म्हणाले, "पाठदुखीला कसला डॉक्टर, सोमवारी बघू." शनिवारी सकाळी केटल चालू करायला उठले आणि केटल उकळून आपली आपण बंद झाली तरी स्वयंपाकघरातून कपांचा आवाज आला नाही. आई हे ज्याला त्याला याच शब्दांत सांगते. कपांचा आवाज आला नाही.

"पुढच्या स्टॉपला ना?" आई म्हणाली.

"त्याच्या पुढच्या."

"हे असते तर आत्तापासूनच उठून उभे राहिले असते."

"आणि ड्रायव्हरला थँक्यू म्हणायला आपल्या दोघींना थांबवलं असतं," देविका म्हणाली. दोघी क्षणभर हसल्या, आणि हसणं संपल्यावर कुठे बघावं ते दोघींनाही कळेना. उतरताना आई ड्रायव्हरपाशी थांबली आणि थँक्यू म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच. एरवी तिच्या वाटचं बाबाच म्हणायचे.

वीस मिनिटं लवकर पोचल्या. आईला खुर्चीत बसवून देविका बाहेर कॉरिडॉरमध्ये आली आणि तिने पत्रावरचा नंबर लावला. अपॉइंटमेंट रद्द करायला, असं तिने स्वतःला सांगितलं. कुणा दुसऱ्याला ती वेळ मिळेल. फोन उचलणाऱ्या बाईचा हेल वेल्सच्या खोऱ्यांकडचा होता, प्रत्येक वाक्य शेवटी थोडं वर चढणारं.

"ते येऊ शकणार नाहीत," देविका म्हणाली. "माझे वडील. ते वारले."

"अगं बाई. आय अ‍ॅम सो सॉरी, लव्ह. कधी?"

"सात तारखेला."

"आणि हे पत्र आज आलं तुझ्या हातात? अरे देवा. आम्हाला कळायच्या आत निघालं असणार गं ते." कळफलकाचा आवाज. "हे बघ, काढलं मी. आता दुसरं काही येणार नाही तुमच्याकडे."

दुसरं काही येणार नाही. देविकाने फोन ठेवायला हवा होता. ती म्हणाली, "मला एक विचारायचं होतं. एखाद्याची जन्मतारीख तुमच्याकडे चुकीची असेल तर? म्हणजे माणूस खरा मोठा असेल, आणि कागदावर लहान."

"होतं गं तसं. बाहेरून आलेल्या लोकांचं तर खूपदा. सर्जरीत सांगायचं डॉक्टरांना. ते आम्हाला कळवतात, मग आम्ही बोलावतो."

"पण मग पेन्शन, पासपोर्ट..."

"त्याचा आमच्याशी काय संबंध, लव्ह? आम्ही फक्त पोट बघतो." बाईचा आवाज खाली आला. "तुझे बाबा मोठे होते का गं?"

"नाही," देविका म्हणाली. "मी सहज विचारलं."

भिंतीवर लग्नाच्या नोंदणीची पत्रकं लावली होती, फुलं धरलेली माणसं हसत होती. फोन बंद करून ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. नाही म्हणायला तिला किती कमी वेळ लागला. आणि खरंच, नाही म्हटलं तर काय बिघडलं? आता आत जायचं, पासपोर्ट पुढे सरकवायचा, आणि पासष्ट वर्षांचा एक माणूस, ज्याला बोलावणं वेळेवर निघालं पण तपासणीच्या आधीच ज्याची वेळ झाली, असा कायमचा लिहिला जाईल. याला कुणाचा इलाज नव्हता. मिलिंदकाका हेच म्हणतील, आई म्हणेल, ती स्वतःही काही वर्षांनी म्हणू लागेल. कागदावरच्या त्या माणसाला देविका नावाच्या मुलीने मटार सोलताना काही सांगितलेलंच नव्हतं. दुसरी तारीख जो लिहील त्याच्या वहीत मात्र सदुसष्ट वर्षांचा माणूस असेल, आणि त्या आकड्यात दोन वर्षं स्पष्ट दिसतील, कुणी मोजायला बसलं तर.

रजिस्ट्रार पन्नाशीची, आखूड केसांची बाई होती. टेबलावर टिश्यूचा डबा, तिच्यापेक्षा आईच्या जवळ सरकवलेला. तिने खूप हळू, खूप नीट विचारलं. नाव. आडनावाचं स्पेलिंग. जन्मगाव. मिरज हे तिने लिहिलं आणि स्क्रीन वळवून दाखवलं, बरोबर आहे का. बरोबर होतं. काम काय करत होते? देविकाने सांगितलं. "म्हणजे माझ्या दोन्ही मुलांचे स्कॅन ज्या मशीनवर झाले, ती बहुतेक त्यांच्याच हातची," बाई म्हणाली, आणि आईला इंग्रजी चांगलं समजत असूनही आईने देविकाकडे पाहिलं, जणू हे वाक्य मराठीत ऐकल्यावरच खरं होणार होतं.

"जन्मतारीख?"

पासपोर्ट उघडाच होता टेबलावर. बाईची बोटं त्यावरची तारीख टाइप करायला निघालीही होती.

"चार फेब्रुवारी," देविका म्हणाली. "एकोणीसशे अठ्ठावन्न."

बोटं थांबली. बाईने पासपोर्टाकडे पाहिलं, मग देविकाकडे. "इथे वेगळी आहे."

"ती शाळेतली तारीख आहे. त्यांच्या वडिलांनी लिहिलेली. खरी ही."

"देविका," आई मराठीत हळूच म्हणाली, "काय ठरलं होतं आपलं?"

रजिस्ट्रारने हात कळफलकावरून काढून घेतले. "मी तुम्हाला समजावून सांगते. तुम्ही सांगाल ते मी लिहीन, सही तुमची असणार आहे. पण दोन कागदांवर दोन तारखा झाल्या की पुढे पेन्शनवाले विचारतील, पत्रव्यवहार होईल, आईंना थोडा त्रास होईल. नक्की आहे का तुम्हाला?"

देविकाने आईकडे पाहिलं. आई कार्डिगनच्या वरच्या बटणाशी खेळत होती.

"आई, त्यांनी मला विचारलं होतं. खरं वय सांगू का म्हणून. या तपासणीसाठीच. मी नको म्हटलं. थांबा म्हटलं." तिने बॅगेतून पत्र काढून आईच्या मांडीवर ठेवलं. "हे आज आलं."

आईने ते उघडलं. वेल्श बाजू वर होती, तिच्यातलं तिला अक्षरही कळत नव्हतं, तरी ती ती बाजू वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग उलटली. बराच वेळ लागला. रजिस्ट्रारने घड्याळाकडे पाहिलं नाही. आईने पत्राची घडी घातली, ती वाकडी झाली, म्हणून उलगडून पुन्हा घातली.

"मला सांगितलं होतं ह्यांनी," ती शेवटी म्हणाली. "देवू थांब म्हणते, म्हणाले. मी म्हटलं, मग थांबा." आणि मग रजिस्ट्रारकडे वळून, तिच्या सावकाश इंग्रजीत: "फुल मून होता त्या दिवशी. माझ्या सासूबाई सांगायच्या. फोर्थ फेब्रुवारी."

बाईने टाइप केलं आणि वाचून दाखवलं. पुरुष. जन्म मिरज, भारत. वय सदुसष्ट. सदुसष्ट हा आकडा परक्या माणसाच्या तोंडून देविका पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तो ऐकताना तिला काही हलकं वाटलं नाही. वाटेल असं कॉरिडॉरमध्ये तिला उगाच वाटलं होतं. छापलेलं पान तिच्यासमोर आलं, सोबत जुन्या पद्धतीचं शाईचं पेन. तिने सही केली. निब कागदावर ओलं ओलं चाललं.

आईने वाकून पाहिलं. "निळी कशी गं? सरकारी कागदावर काळी लागते ना?"

देविकाने बाईला विचारलं. ती शाई खास याच कामाची असते, बाई म्हणाली. लिहिताना निळी दिसते, मग दिवस जातील तशी काळी होत जाते, आणि पुन्हा कधी पुसत नाही. तुम्हाला काही करावं लागत नाही.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"होईल म्हणे काळी," देविका म्हणाली, आणि पुढचा शब्द तोंडात आल्यावर ती थांबली. आई तिच्याकडे बघत होती, वाट बघत होती. तो सांगण्यावाचून इलाज नव्हता.

"आपोआप."